ब्रेडीचं 'नरो वा कुंजरो वा'

फॉक्सबरोकर | १२ मे २०१५

मंडळी, काल शिक्षा जाहीर झाली. पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) टॉम ब्रेडी चार सामने बिनपगारी घरी. पॅट्रियट्सना दहा लाख डॉलर दंड, शिवाय २०१६ च्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीची आणि २०१७ मधली चौथ्या फेरीची निवड गेली.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ जानेवारीला आमच्या फॉक्सबरोला, भर पावसात, पॅट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स. जिंकणारा सुपर बाउलला, म्हणजे अंतिम सामन्याला, जाणार. कोल्ट्सनी तक्रार केली की पॅट्रियट्सचे चेंडू मऊ लागतायत. (या खेळात प्रत्येक संघ आक्रमण करताना स्वतःचे चेंडू वापरतो.) नियम साडेबारा ते साडेतेरा पीएसआयचा (हे हवेच्या दाबाचं माप). मध्यंतरात पंचांनी मोजले तर हवा कमी. मग टेड वेल्स नावाच्या वकिलाकडे चौकशी गेली. त्याचा २४३ पानी अहवाल ६ तारखेला आला. निष्कर्ष असा की दोन कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला याची निदान साधारण कल्पना असण्याची शक्यताही जास्त आहे.

हवा काढली की नाही यावर इथे वाद नको (होणारच, माहीत आहे). मला विचारायचंय ते त्याच्या उत्तराबद्दल. २२ जानेवारीच्या पत्रकार परिषदेत एकाने सरळ विचारलं, टॉम ब्रेडी चीटर आहे का? तर म्हणाला, "मला नाही वाटत." अहो, स्वतःबद्दल 'वाटत नाही'? पुढे नियमातच खेळतो वगैरे बोलला, पण ते पहिलं वाक्य माझ्या घशात अडकलंय. मुलगा शेजारी बसला होता, नऊ वर्षांचा. डबा संपवलास का विचारलं की तोही "मला वाटतं हो" म्हणतो, आणि तेव्हा दप्तरात हमखास अर्धी पोळी असते.

मागच्या गुरुवारी सेलमच्या कार्यक्रमात अहवालाबद्दल विचारलं, तर म्हणे अजून नीट पचवायला वेळ मिळाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही घरी सोफ्यावर वाजवल्या असतील, खोटं का बोला. बारा नंबरची जर्सी आहे माझ्याकडे.

तर प्रश्न असा: निर्दोष माणूस असं बोलतो का?

बबन्या | १२ मे २०१५

पहिला!
(वाचून मग लिहितो.)

म्हापशेकार | १२ मे २०१५

हातात धरून पळतात त्या खेळाला फुटबॉल म्हणणाऱ्यांनी खरं-खोटं काय ते आधी नावापासून ठरवावं. आमच्याकडे जुलैत मैदानावर चेंडूत हवा आहे की पाणी तेच कळत नाही, तरी कोणी वकील लावत नाही.

इंडीकर | १२ मे २०१५

चार महिने या धाग्याची वाट बघत होतो. 😄

फॉक्सबरोकर, प्रश्न प्रामाणिकपणे विचारलात म्हणून उत्तरही तसंच देतो. नाही, निर्दोष माणूस असं बोलत नाही. तुमच्या कोचवर २००७ मध्ये समोरच्या संघाच्या खुणा चोरून चित्रित केल्याबद्दल पाच लाख डॉलर दंड झालाय. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आणि त्या दोघांतला एक जण मेसेजमध्ये स्वतःला 'डिफ्लेटर' (हवा काढणारा) म्हणवतो!

शेंगदाणा | १२ मे २०१५

इंडीकर, सामना ४५-७ असा संपला होता. मध्यंतरात चेंडू पुन्हा भरले, त्यानंतर स्कोअर २८-०. तुमच्या लोकांना दगड घेऊन खेळवलं असतं तरी हरले असते.

आणि त्या पराभवाच्या आनंदात स्टेडियमात 'उपांत्य फेरी गाठली' असा बॅनर लावलात ना? आमच्या शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं पोरगंसुद्धा प्रमाणपत्र खणात ठेवायचं.

इंडीकर | १२ मे २०१५

बॅनरबद्दल काही बोलायचं नाही. ती आमच्या घरातली दुखरी नस आहे.

पण २८-० हा बचाव नव्हे. कॉपी करणारा नव्वद टक्केवाला असला तरी चिठ्ठी सापडली की तो बाहेर.

केल्विन_कुलकर्णी | १३ मे २०१५

विज्ञान नको म्हणालात तरी येतोय. माफी.

गेज जे दाखवतं तो वातावरणाच्या *वरचा* दाब. साडेबारा पीएसआयचा चेंडू म्हणजे आत खरे २७.२ (१२.५ अधिक वातावरणाचे १४.७). खोली साधारण २२ अंश सेल्सियस, म्हणजे २९५ केल्विन. मैदान ९ अंश, म्हणजे २८२. तापमानाच्या प्रमाणात दाब घटतो: २७.२ गुणिले २८२ भागिले २९५ बरोबर २६.०. त्यातून १४.७ वजा करा, गेजवर ११.३ दिसेल. जवळजवळ सव्वा पीएसआय नुसत्या थंडीने गेला. अकरावीचं पुस्तक.

वेल्सच्या तज्ज्ञांनाही हे मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की पॅट्रियट्सचे चेंडू थंडीने व्हावेत त्याहून *थोडे जास्त* उतरले. हे 'थोडं' कसं ठरवलं बघा:

सामन्याआधी दाब मोजला, पण कुठे लिहून ठेवला नाही. पंचाकडे दोन गेज, दोघांच्या वाचनात ०.३ ते ०.४५ चा फरक. सामन्याआधी कुठलं वापरलं? पंच म्हणतो बहुधा लोगोवालं. अहवाल म्हणतो बहुधा दुसरं! मध्यंतरात पॅट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले, कोल्ट्सचे फक्त चार, कारण वेळ संपला. आणि खोलीत आणलेला चेंडू दर मिनिटाला गरम होत असतो, म्हणजे जो नंतर मोजला त्याला आपोआप फायदा.

माझ्या प्रयोगशाळेत एफवायच्या पोराने अशी वही आणली तर मी ती सही न करता परत देतो.

बबन्या | १३ मे २०१५

वाचून झालं. केल्विनसरांच्या प्रतिसादापर्यंत कळत होतं.

मीनल_क्विन्सी | १३ मे २०१५

+१ केल्विन. शिवाय सुरुवातीची बातमी आठवा, बारापैकी अकरा चेंडूंत दोन-दोन पीएसआय कमी. देशभर तेच छापलं गेलं, आणि ते चूक होतं. लीगकडे खरे आकडे होते, पण अहवाल येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. ज्या दिवशी ब्रेडी माईकसमोर उभा होता त्या दिवशी अख्ख्या देशाला हा खोटा आकडा पाठ होता. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं काय झालंय. अशा वेळी "छातीठोकपणे सांगतो" म्हणणारा माणूस मला उलट जास्त संशयास्पद वाटला असता.

वामनकाका_सातारा | १३ मे २०१५

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. सुनेने लिंक पाठवली म्हणून वाचतो आहे. परंतु चौकशी या विषयात बत्तीस वर्षे गेली आहेत, तेव्हा दोन शब्द.

"शक्यता नसण्यापेक्षा जास्त" यावर काहीजण हसत आहेत. हसू नये. फौजदारी खटल्यात संशयातीत पुरावा लागतो. खातेनिहाय चौकशीत एवढेच पुरते. आमच्याकडे याच मापाने लोकांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या आहेत, नोकऱ्याही गेल्या आहेत.

मला खटकले ते निराळे. शिक्षा कमिशनरच्या (म्हणजे लीगच्या प्रमुखाच्या) अधिकारात झाली आणि अपील केले तर तेही कमिशनरच ऐकू शकतो, असे वर्तमानपत्रात वाचले. आमच्याकडे शिस्तभंग प्राधिकारी वेगळा, अपील प्राधिकारी त्याच्या वरचा. तहसीलदाराच्या हुकमावर अपील तहसीलदाराकडेच करायचे म्हटले तर शिपाईसुद्धा हसेल.

दुसरे. चौकशी अधिकारी म्हणून मी एक शिकलो. बोलण्यावरून दोषी-निर्दोष ठरवू नये. निर्दोष माणूस फार घाबरतो, अडखळतो. मुरलेला माणूस शांतपणे कागद मागतो.

फॉक्सबरोकर | १३ मे २०१५

काका, नमस्कार. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं आणि लगेच वाईटही. कारण ब्रेडी अडखळत नव्हता हो, हसत होता.

खवचट_खान | १३ मे २०१५

'मला नाही वाटत' म्हणजे सरळ सरळ नरो वा कुंजरो वा. युधिष्ठिराने एकदाच अर्धसत्य सांगितलं, तर जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला.
चार अंगुळं, चार सामने. आणि रथ टेकला म्हणजे हवाच गेली की!

मीनल_क्विन्सी | १३ मे २०१५

😂😂 खान, या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत.

सदा_सर्व्हिस | १४ मे २०१५

मी फक्त वाचत असतो, पण यावर लिहावंसं वाटलं.

कॉलेजात असताना व्हॉलीबॉल संघात मी बारावा. म्हणजे खेळायचो नाही. जाळी बांधायची, चुना मारायचा, चेंडू भरायचे. आमचा एक स्मॅशर होता, विद्यापीठाच्या संघात निवडलेला, त्याला टणक चेंडू आवडायचा. मला त्याने कधीही सांगितलं नाही की जास्त भर. सराव सुरू व्हायच्या आधी चेंडू उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि मान हलवायचा किंवा हलवायचा नाही. बस. दोन महिन्यांत मी पंपाचे दांडे मोजायला शिकलो होतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला पंचांनी चेंडू पास केल्यावर मी मागे जाऊन आणखी तीन दांडे मारले. कोणी सांगितलं? कोणीच नाही. सामना जिंकल्यावर त्याने मला त्याचा मनगटपट्टा दिला, तो घालून मी वर्गात बसायचो.

आता त्याला चौकशीत बसवून विचारलं असतं, "तू सांगितलंस का?" तर तो शपथेवर नाही म्हणाला असता, आणि ते खरंच होतं. "तुला माहीत होतं का?" यावर काय म्हणाला असता? मला वाटतं तोही म्हणाला असता, "मला नाही वाटत."

अहवालातलं 'साधारण कल्पना' वाचून लोक हसले. मी नाही हसलो.

इंडीकर | १४ मे २०१५

सदाभाऊ, दंडवत. दोनशे त्रेचाळीस पानांत जे जमलं नाही ते तुम्ही तीन दांड्यांत केलंत.

ता.क. 'डिफ्लेटर'बद्दल पॅट्रियट्सचं स्पष्टीकरण आलं: तो म्हणे वजन कमी करण्याबद्दल बोलत होता. डाएटचा धागा वेगळा आहे, तिकडे टाका.

शेंगदाणा | १४ मे २०१५

प्रतिसाद आवडला, पण गोष्ट एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला? ब्रेडीने उघड सांगितलंय की त्याला साडेबाराचा चेंडू आवडतो. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक रॉजर्स उलट फुगलेला आवडतो म्हणून सांगतो. पाहुण्या संघाने स्वतःचे चेंडू आणावेत हा नियमच २००६ मध्ये ब्रेडी आणि दुसरा बडा क्वार्टरबॅक मॅनिंग यांनी मागून घेतला. आवड असणं गुन्हा कधीपासून?

सदा_सर्व्हिस | १४ मे २०१५

आवड गुन्हा नाही. पंच गेल्यावर पंप हातात घेणं गुन्हा. तो मी केला होता, आवड त्याची होती. कोणाचा गुन्हा किती, हे मला अजून सुटलेलं नाही.

गावस्करांचा_हॅट | १५ मे २०१५

क्रिकेटवाल्यांनी गप्प बसावं असं वाटत होतं, पण राहवत नाही. पोर्ट एलिझाबेथ, २००१. सचिन. शिवणीतलं गवत काढत होतो म्हणाला. तेव्हा आपण सगळे मॅच रेफ्री माइक डेनेसच्या नावाने शंख करत होतो. आज ब्रेडीचे चाहते करतात ते वेगळं काय?

म्हापशेकार | १५ मे २०१५

आता धागा पेटला.

आजी_माजी_बॉलर | १५ मे २०१५

सचिनला मध्ये आणायचं काम नाही. चेंडू साफ केला, पंचांना सांगायचं राहिलं, विषय संपला. तोंडावर सांगितलं गवत होतं. "मला नाही वाटत" असं म्हणाला नाही.

गावस्करांचा_हॅट | १५ मे २०१५

अहो मीही तेच म्हणतोय! उत्तरातला फरक दाखवतोय. पण आपण चाहते म्हणून वागलो कसे? डेनेस तिसऱ्या कसोटीला रेफ्री नको म्हणून अडून बसलो, आणि त्या सामन्याचा अधिकृत कसोटीचा दर्जाच गेला. पुरावा काय म्हणतो हे किती जणांनी बघितलं? २००४ ला ब्रिस्बेनमध्ये द्रविडच्या गोळीचा रस चेंडूला लागलेला कॅमेऱ्यात दिसला, निम्मं मानधन कापलं. तेव्हाही आम्ही म्हणालो, "द्रविड? शक्यच नाही, चुकून लागला असेल." माणूस आवडला की आपण पुरावा नाही, चेहरा बघतो. फॉक्सबरोकरांचं उलटं झालंय, त्यांना चेहरा बघूनच शंका आली.

(यापुढचे ९ प्रतिसाद सचिनसंबंधी असल्याने दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

शेंगदाणा | २९ जुलै २०१५

धागा वर काढतो. कमिशनर गुडेलने काल अपील फेटाळलं. चारच्या चार सामने कायम.

इंडीकर | २९ जुलै २०१५

आणि फोन! फोनबद्दल कोणी का बोलत नाहीये? मार्चमध्ये, वेल्सला भेटायच्या सुमारास फोन नष्ट करून टाकला. चार महिन्यांचे जवळजवळ दहा हजार मेसेज त्यात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

शेंगदाणा | २९ जुलै २०१५

आज फेसबुकवर त्याने लिहिलंय की जुना सॅमसंग मोडला होता, नवा आयफोन घेतला. फोन चौकशीला द्यावा लागणार नाही असं वकिलांनी आधीच स्पष्ट केलं होतं. नेहमी फोन बदलला की जुना नष्ट करतो. त्यात बायको जगप्रसिद्ध मॉडेल, घरातले फोटो बाहेर गेले तर?

मीनल_क्विन्सी | ३० जुलै २०१५

मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, कागदपत्रं गोळा करणं हेच काम. त्यामुळे या वेळी मी शेंगदाण्याच्या विरुद्ध.

फोन देणं आणि फोन *ठेवणं* या दोन वेगळ्या गोष्टी. द्यायचा नाही? नका देऊ, तो खाजगी मालकीचा आहे, लीग म्हणजे पोलीस नव्हे. पण कोणी मागितलंय हे कळल्यावर ती वस्तू कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं आणि विसरून जायचं. आमच्याकडे अशिलाला पहिल्या दिवशी सांगतो, काही पुसू नका, फाडू नका, घर आवरू नका. आतमध्ये फक्त नातवाचे फोटो असले तरी. कारण नसलेल्या फोनमध्ये लोक वाटेल ते घालतात.

मेमध्ये मी त्याची बाजू घेतली होती. पहिल्या दिवशीचं अडखळणं मी आजही माफ करेन. पण हा नंतर विचार करून दिलेला प्रतिसाद आहे, आणि तो जानेवारीतल्यापेक्षा वाईट आहे.

वामनकाका_सातारा | ३० जुलै २०१५

सौ. मीनलताई, शंभर टक्के सहमत. आमच्या एका चौकशीत हजेरीपुस्तक उंदरांनी खाल्ले होते. नेमकी तीन पानेच. उंदीर निर्दोष असेलही.

खवचट_खान | ३० जुलै २०१५

तीन पानं खाणारा उंदीर = क्वार्टरबॅक. अचूक नेम.

केल्विन_कुलकर्णी | ३० जुलै २०१५

फोन फोडल्याने चेंडूचं तापमान बदलत नाही, एवढंच नोंदवतो.

बबन्या | १४ ऑगस्ट २०१५

कोर्टातलं ब्रेडीचं चित्र पाहिलं का? चित्रकर्तीला माफी मागावी लागली. शिक्षा चार सामन्यांची होती, फाशी त्या चित्राने दिली.

फॉक्सबरोकर | १४ ऑगस्ट २०१५

😂 आणि कोर्टाच्या कागदांतून त्याचे ईमेल बाहेर आलेत. निघालं काय? पोहण्याच्या तलावावरचं झाकण कसं घ्यायचं! आणि मित्राला लिहिलेलं एक वाक्य, मॅनिंगची आता दोन वर्षं राहिली, माझी अजून सात-आठ.

माझी बायको म्हणाली, हा माणूस झाकणावर एवढं स्पष्ट लिहितो, मग त्या दिवशी एक वाक्य धड का बोलवेना.

शेंगदाणा | ४ सप्टेंबर २०१५

न्यायमूर्ती बर्मन यांनी काल शिक्षा रद्द केली!!! पेढे!!!

इंडीकर | ४ सप्टेंबर २०१५

निर्दोष म्हटलं का? निकाल वाचा. अशा वागण्याला अशी शिक्षा होईल याची आधी सूचना नव्हती, लीगच्या ज्या वकिलाने चौकशीत हात घातला त्याची उलटतपासणी करू दिली नाही, चौकशीचे कागद दिले नाहीत. बास. हवेबद्दल अक्षर नाही.

वामनकाका_सातारा | ५ सप्टेंबर २०१५

इंडीकर यांचे वाचन बरोबर आहे. नैसर्गिक न्याय पाळला नाही म्हणून हुकूम रद्द. याला आम्ही 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' म्हणायचो आणि सुटलेला माणूस गावात 'निर्दोष सुटलो' म्हणून जेवण घालायचा. दोघेही आपापल्या जागी खरे. आम्ही जेवायला जात असू.

इंडीकर | २६ एप्रिल २०१६

पेढे परत करा. वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एकने शिक्षा पुन्हा लावली. 😎

शेंगदाणा | २६ एप्रिल २०१६

आता तुम्ही निकाल वाचा. तिथेही हवा नाहीच. खेळाडू संघटनेने करारात कमिशनरला एवढे अधिकार दिलेत, तर कोर्ट मध्ये पडणार नाही, एवढंच. आणि तीनपैकी जो एक न्यायाधीश विरोधात गेला तो त्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश आहे.

खवचट_खान | २६ एप्रिल २०१६

पंधरा महिने, दोन कोर्टं, आणि चेंडूत हवा किती होती हे अजून कुणी विचारलेलंच नाही. याला म्हणतात हवेत गोळीबार.

फॉक्सबरोकर | १६ जुलै २०१६

काल त्याने पुढे लढणार नाही असं जाहीर केलं. चार सामने बाहेर बसणार. मला का कोण जाणे, हलकं वाटलं.

शेंगदाणा | ६ फेब्रुवारी २०१७

२८-३!!!!!
सुपर बाउलच्या तिसऱ्या सत्रात २८-३ ने मागे, आणि शेवटी जादा वेळेत ३४-२८!!! मी रडतोय. शेजारी रडतोय. गुडेल चषक द्यायला आला तेव्हा अख्खं ह्यूस्टन हूट करत होतं. चार सामन्यांची शिक्षा भोगून आलेला माणूस सामन्याचा मानकरी!

म्हापशेकार | ६ फेब्रुवारी २०१७

आमच्याकडे पहाटे सुरू झाला. जुन्या धाग्यामुळे हौस म्हणून लावला होता. कबूल, बघण्यासारखा आहे. फुटबॉल नाही, पण बघण्यासारखा आहे.

इंडीकर | ७ फेब्रुवारी २०१७

अभिनंदन. मनापासून. तुमच्या माणसासारखा खेळाडू पुन्हा होणार नाही, हे लिहिताना माझी बोटं दुखतायत.
ता.क. ऐकलं की ड्रेसिंग रूममधून त्याची सामन्यातली जर्सीच चोरीला गेली. चोराच्या घरी... असो. आज नको.

आजी_माजी_बॉलर | १ एप्रिल २०१८

हा धागा शोधत आलो. केपटाऊन. स्टीव्ह स्मिथ. आधी पिवळी चिकटपट्टी आणि माती म्हणाले, मग निघाला सँडपेपर. आयसीसीने एका सामन्याची बंदी दिली, त्यांच्याच बोर्डाने स्मिथ-वॉर्नरला बारा महिने आणि बँक्रॉफ्टला नऊ. सिडनीच्या विमानतळावर स्मिथ ढसाढसा रडला, वडील मागे खांद्यावर हात ठेवून उभे.

फॉक्सबरोकर, तुमचा मूळ प्रश्न आठवला. याने कबूल केलं, पण त्यातही आधी अर्धंच.

मीनल_क्विन्सी | १ एप्रिल २०१८

फरक आहे. तिथे कॅमेऱ्यात दिसलं होतं. पकडल्यावरची कबुली आणि न पकडता मागितलेली कबुली एका तराजूत नको.

सदा_सर्व्हिस | २ एप्रिल २०१८

त्या तिघांत बँक्रॉफ्ट सर्वांत धाकटा. सँडपेपर त्याच्या खिशात होता. मला तो माझ्यासारखा वाटला.

शेंगदाणा | २ फेब्रुवारी २०२३

काल ब्रेडीने कायमची निवृत्ती घेतली. (या वेळी खरंच, असं तोच म्हणाला.) शेवटचं नमन करायला धागा वर काढतोय.

केल्विन_कुलकर्णी | २ फेब्रुवारी २०२३

२०१४ च्या ईमेलमध्ये 'अजून सात-आठ वर्षं' लिहिलं होतं. बरोबर आठ हंगाम झाले. मॅनिंगचीही दोन म्हणाला होता, तो २०१६ ला थांबला. या अख्ख्या प्रकरणात अचूक मोजमाप केलेला एकमेव माणूस.

फॉक्सबरोकर | ३ फेब्रुवारी २०२३

आठ वर्षांनी स्वतःचीच पोस्ट वाचली. वामनकाका बऱ्याच दिवसांत इथे दिसले नाहीत, तब्येत बरी असावी अशी आशा.

मुलगा सतरा वर्षांचा झाला. परवा त्याला ती क्लिप पुन्हा दाखवली. मला वाटलं होतं तो म्हणेल, बघा, तेव्हाच कळत होतं. तो म्हणाला, "बाबा, तो त्या दोघांना वाचवत असेल." हे माझ्या डोक्यात आठ वर्षांत आलं नव्हतं. "मी नाही केलं" असं ठामपणे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग कोणी केलं? सदाभाऊंच्या स्मॅशरला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, सदाची संघातली जागा जाईल म्हणून?

पटलं असं नाही म्हणत. फोनचं काय, हे मी विचारलंच, तर म्हणाला, "ते मूर्खपणाचं होतं." मीनलताई, पोरगं तुमच्या पक्षाचं आहे.

जर्सी त्याला होत नाही, मलाही होत नाही. कपाटात आहे.

सदा_सर्व्हिस | ३ फेब्रुवारी २०२३

माझा स्मॅशर मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. तीस वर्षांनी. विचारू म्हटलं. त्याला चेंडूचं काही आठवत नव्हतं. मनगटपट्टा आठवत होता.

इंडीकर | ३ फेब्रुवारी २०२३

सदाभाऊ, तुम्ही दर चार वर्षांनी एकदा लिहिता आणि आमची वाट लावता.

बबन्या | ३ फेब्रुवारी २०२३

सगळा धागा पुन्हा वाचला. एकच राहिलं. हवा गेली कुठे?

केल्विन_कुलकर्णी | ३ फेब्रुवारी २०२३

कुठेच नाही. आतच होती. गारठली होती.

इंडीकर | ३ फेब्रुवारी २०२३

बहुधा.